उलट्या आट्याचा नट

"आधी ऐक. हात नंतर."

आईचं हे वाक्य माझ्या कानात इतकं मुरलंय, की रस्त्यानं जाताना मी माणसं बघत नाही, गाड्या ऐकते. त्या दिवशीही तसंच झालं. इंजिनाच्या सांध्यांत घालायच्या गॅस्केटच्या कागदाची गुंडाळी काखेत मारून मी चौक ओलांडत होते, तेवढ्यात मागून आवाज आला... घर्रर्र... खट्! पुन्हा घर्रर्र... खट्!

दुसरा गिअर. सुटतोय.

मी वळून बघितलं. चौकाच्या बरोब्बर मधोमध एक जुनी काळी मोटारसायकल उभी होती. गोल मोठा दिवा, फुगीर टाकी, आणि वर बसलेला एक चष्मेवाला तरुण. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ! आणि हा खाली वाकून, दाराची गंजलेली कडी ओढावी तसा, गिअरचा लिव्हर हातानं ओढत होता.

"अहो, हातानं नका!" मी ओरडलेच. एरवी माझा आवाज शेजारच्यालाही ऐकू जात नाही.

"मग कशानं? पाय कधीचा विनवण्या करतोय!"

"क्लच दाबून धरा. गाडी जरा मागं-पुढं हलवा... अजून थोडी... हं, आता लिव्हर पायानं अलगद वर घ्या."

खट्.

"गेला!" त्याचा चेहरा असा उजळला, जसं काही मी त्याला आकाशातून काही काढून दिलं होतं. "अहो, गेला की!"

"पहिल्यातच राहू द्या आणि कडेला घ्या. दुसऱ्यात टाकू नका."

"टाकायचा प्रश्नच नाही. काकू दुसऱ्यात राहायलाच तयार नाहीत."

"कोण काकू?"

"ह्याच." त्यानं टाकीवर थोपटलं. "मामानं दिलीय मला. चालताना सारखी कुरकुर, थांबलं तरी कुरकुर. मग काकू नाही तर काय म्हणणार? ...तुम्ही डॉक्टर आहात का ह्यांच्या?"

"गिअरबॉक्सपुरती." मी म्हटलं, आणि उगाचच कागदाची गुंडाळी या काखेतून त्या काखेत घेतली.

त्यानं माझ्याकडे बघितलं. कसं सांगू... चष्म्याचा नंबर काढताना आधी एक काच, मग दुसरी काच लावून बघतात ना, अक्षर स्वच्छ दिसेपर्यंत? तसं. नंतर कळलं, त्याचं कामच ते. बसथांब्यामागे त्याचं चष्म्याचं छोटंसं दुकान होतं. पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं. तेव्हा मला एवढंच कळलं, की माझे कान गरम झालेत.

मी वर्कशॉपचा पत्ता सांगितला आणि वळले. दहा पावलं गेल्यावर माझ्या लक्षात आलं... मी भलत्याच दिशेनं चाललेय.

*

आमचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याखालची एक लांबट खोली. पुढच्या बाजूला बाबा गाड्यांच्या टाक्या रंगवतात, त्यामुळे त्यांच्या भुवयांवर कायम कुठला ना कुठला रंग असतो. मागच्या बाजूला, खिडकीशी, गिअरबॉक्सचं टेबल. आणि त्या टेबलाच्या बरोबर वर, लाकडी जिन्यानं गेलं की, आईची खोली.

ते टेबल आईचं. तिच्या हाताखाली मी वाढले, शिकले. जुन्या गाड्यांचे गिअरबॉक्स उघडायला लोक लांबून तिच्याकडे यायचे. पण अलीकडे तिची मनगटं फार दुखायला लागली. घट्ट नट फिरवताना ओठ चावायची. शेवटी एका सकाळी प्रार्थना आटोपून ती खाली आली, आपलं चामड्याचं एप्रन माझ्या गळ्यात अडकवलं आणि म्हणाली, "टेबल तुझं. पण एक ऐक. पहिला गिअरबॉक्स तू एकटीनं करायचा. मी विचारणार नाही, बघणार नाही. तो परत आला तर मात्र वर्षभर पुन्हा माझ्या शेजारी बसायचं, आणि एप्रन खुंटीवर."

"नाही येणार परत," मी म्हटलं.

"बघू," आई म्हणाली. आईचं 'बघू' म्हणजे दगडावरची रेघ.

आणि त्या टेबलावर येणारा पहिला गिअरबॉक्स कुणाचा असावा? काकूंचा!

तो चष्मेवाला दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. आमच्याकडे गाडी सोडून गिऱ्हाइकानं जायचं असतं. तसं बाबांनी दारावर मोठ्या अक्षरांत रंगवलेलंही आहे. पण ह्यानं बाबांचा चष्मा एका बाजूला कललेला बघितला, "काका, आणा इकडे" म्हणाला, खिशातून नखाएवढी पकड काढली आणि दोन मिनिटांत दांडी सरळ करून दिली. बाबांनी चष्मा चढवला, दारावरच्या अक्षरांकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, हा 'थांबू नये' मधला 'न' जरा वाकडाच आलाय की. तू बस रे."

झालं. बसला तो. स्टुलावर, माझ्यापासून हातभर अंतरावर.

मी हात जोडले. गिअरबॉक्स उघडण्याआधी आईही जोडायची. मग खालचा बोल्ट काढला. काळंभोर तेल परातीत आलं. मी त्यात चुंबक फिरवला. वर आला तर त्याला चंदेरी लव आलेली.

"चांदी निघाली काकूंकडे?" तो पुढे झुकला.

"ही त्यांची हाडं आहेत."

"अरेरे!"

"तुम्हीच झिजवलीत. क्लच पुरता दाबत नाही तुम्ही. घाई असते."

"घाई नसते हो. भीती असते. गाडी बंद पडेल, लोक हसतील..."

मी हसले. मग हसल्याबद्दल गंभीर झाले. मग गंभीर झाल्याबद्दल पुन्हा हसू आलं. असं कधी होत नव्हतं मला... काम करताना तर कधीच नाही!

झाकण उघडलं. गिअर सरकवणारा फोर्क एका बाजूनं वाकलेला, दुसऱ्या गिअरचे दात कडांना गोल झालेले. म्हणून तर काकू दुसऱ्यात ठरत नव्हत्या. फोर्क नवा घालावा लागणार होता, आणि तो गिअरही.

"तुम्ही बारीक काही बघता तेव्हा डावा डोळा मिटता," तो म्हणाला.

"कामाची सवय."

"तपासून घ्या एकदा. मी तपासतो ना."

"नको. दिसतं मला सगळं."

"सगळं?" त्यानं विचारलं.

पाना माझ्या हातातून निसटून परातीत पडला. तेलाचे शिंतोडे त्याच्या चष्म्यावर उडाले. वरच्या खिडकीतून आईचा आवाज आला, "काय पडलं?"

"काही नाही, आई!"

"बारा नंबरचा पाना पडला," आई म्हणाली. "आवाज येतो मला."

*

सुटे भाग यायला काही दिवस लागले, आणि तो रोज दुकान उघडण्याआधी डोकावून जायचा. 'काकूंची तब्येत विचारायला.' भाग आल्यावर मी सगळं बसवलं. एक-एक वॉशर पुसून, एक-एक बुश हातानं फिरवून. शेवटी राहिली लिंकेजची दांडी. पायाजवळचा लिव्हर आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी वीतभर सळई. तिची लांबी केसभर चुकली, तरी पाय एक सांगतो आणि गिअर दुसरंच ऐकतो.

"हे बघून ठेवा," मी त्याला म्हटलं. "दांडीच्या दोन टोकांना दोन नट. वरचा साधा. खालच्याचे आटे उलटे. तो सैल करायचा तर घट्ट करायच्या दिशेनं फिरवायचा. दोन्ही सैल झाले, की मधली दांडी फिरवून लांबी जुळवता येते. कळलं?"

"हो."

"ऐकताय ना?"

"ऐकतोय की."

मी मान वर केली. तो दांडीकडे बघतच नव्हता.

बाहेर बारीक भुरभुर सुरू झाली होती. बाबांनी ओल्या रंगाच्या टाक्या आत ओढायला घेतल्या. मी मात्र तशीच, हातात पाना धरून... आणि त्याच्या चष्म्याच्या काचांत मला माझाच चेहरा दिसत होता, दोनदा.

"चला," मी घाईघाईनं उठले. "फेरी मारून बघायची."

"मी चालवू?"

"पहिली फेरी माझी. तुम्ही मागे बसा आणि आवाज ऐका."

एका किकमध्ये काकू जाग्या झाल्या! ओल्या रस्त्यावर पहिला गिअर, मग लिव्हर खाली... दुसरा! बसला! मी श्वास रोखून धरला. उतार, चढ, वळण. दुसरा जागचा हलला नाही. तिसरा लोण्यात सुरी जावी तसा गेला. चौथ्यात वारा कानांत शिरला आणि मी, हळू बोलणारी, खाली मान घालणारी मी, मोठ्यानं म्हणाले, "बघा! बघा कशा गुणी झाल्यात!"

"बघतोय!" मागून आवाज आला.

"काय बघताय? ऐका म्हटलं होतं ना!"

"तेही करतोय!"

परत आलो तेव्हा दोघांचे केस थेंबांनी भरलेले. आई खिडकीत होती. तिनं मान हलवली. किंचित. मी ती मान रात्रभर उराशी धरून झोपले.

*

गाडी नीट झाली आणि पंचाईत झाली.

गाडी नीट म्हणजे यायचं कारण संपलं. तरी तो आला. एकदा म्हणाला, "तिसऱ्यात काकू खोकतात." मी फेरी मारून आले. खोकला नव्हता. पुढच्या खेपेला म्हणाला, "न्यूट्रलमध्ये उसासे टाकतात." मी कान लावला. उसासा त्याचाच होता.

बाबा तेव्हा टाकीवर पिवळी रेघ ओढत होते. रेघेवरची नजर न हलवता म्हणाले, "गाडी ठणठणीत आहे बुवा. मालकाला टेबलावर घेऊन उघडून बघ एकदा."

वरून आई म्हणाली, "गाडीचा आवाज स्वच्छ आहे. त्या मुलाचा अडकतोय."

मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मी पान्यांसकट आत जावं! शेजारच्या टायरवाल्यानंही मान बाहेर काढली होती. लाजेनं माणूस उगाचच कडक होतो, तशी मी झाले. एप्रनला हात पुसले आणि म्हटलं, "हे बघा, इथं कामं असतात. खरंच काही बिघडलं, तरच या."

त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. "बरं," म्हणाला. आणि गेला.

बरं काय बरं! त्यानं थोडं भांडायला नको? त्या दिवशी मी एकच गॅस्केट तीनदा कापलं आणि तिन्ही वेळा चुकवलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक गाडीच्या आवाजाला मान वर. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "अगं, ती रिक्षा आहे." मी म्हटलं, "मला ठाऊक आहे." ते म्हणाले, "मग दारापर्यंत कशाला गेलीस?"

आणि त्यानंतर एका दुपारी तो आला. गाडीवर बसून नव्हे. गाडी ढकलत.

मला आधी नुसता आनंद झाला. इतका, की हातातलं फडकं मी केस नीट करायला वापरलं. मग माझं लक्ष खाली गेलं. लिव्हर लुळा पडून लोंबत होता. लिंकेजची दांडी वरून निसटलेली.

"बिघडली," तो म्हणाला. आणि चक्क हसला! "म्हणून आलो."

वरची खिडकी उघडली. आई वाकून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"परत आला?" तिनं विचारलं.

मी लोंबत्या लिव्हरकडे बघितलं.

"संध्याकाळी एप्रन खुंटीवर ठेव," आई हळूच म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नकोस. माझाही एकदा आला होता." आणि तिनं खिडकी लोटून घेतली.

डोळे भरले तर दिसत नाही, आणि दिसलं नाही तर काम होत नाही. म्हणून मी डोळे भरू दिले नाहीत. गाडीशेजारी बसले. कुठं चुकले मी? नट घट्ट कसला नव्हता? कसला होता! हातानं, मग पान्यानं, मग परत एकदा, देवाचं नाव घेऊन. हे हात खोटं सांगत नाहीत मला.

"एवढं काय झालं?" तो गोंधळून विचारत होता. "छोटंसं काम आहे ना? नुसता नट..."

"गप्प बसा जरा."

आधी ऐक. पण बंद गाडीचं काय ऐकणार! मी बघायला लागले. वरचा नट पूर्ण सैल. आणि खालचा? खालचा, उलट्या आट्यांचा... कसलेला. मी कसला होता त्याहून किती तरी जास्त. कोपरे गोल होईपर्यंत. आणि त्या गोल कोपऱ्यांवर ओरखडे होते. बारीक, अगदी मुंगीच्या दातांएवढे. आमच्याकडच्या कुठल्याही पान्याला असले दात नाहीत.

मी हळूच मान वर केली. त्याच्या खिशातून नखाएवढी पकड डोकावत होती.

"खालचा नट सुटेना, होय ना?" मी विचारलं.

त्यानं पटकन खिशावर हात ठेवला.

"सुटेना म्हणून अजून जोर लावलात. तो अजून घट्ट होत गेला. मग कंटाळून दांडीच पिरगाळलीत."

त्याचे कान लाल झाले. ह्या वेळी त्याचे!

"उलट्या आट्यांचं सांगितलं होतं मी तुम्हाला."

"सांगितलं होतं," तो पुटपुटला. "पण तेव्हा मी... ऐकत नव्हतो."

"का केलंत हे?"

"तुम्हीच म्हणालात ना! खरंच काही बिघडलं तरच या. आता काकूंना बिघडायला सांगून त्या ऐकेनात. तीन दिवस मी काकूंना खड्ड्यांतून नेलं. काही होईना! इतकं चांगलं काम कुणी करतं का?"

मला हसू फुटत होतं आणि रडू फुटत होतं. दोन्ही एकदम दारात येऊन अडकली. "आणि रस्त्यात दांडी सुटली असती तर? उतारावर? तुमचा पाय..."

"इथं कोपऱ्यापर्यंत चालवत आणली आणि कोपऱ्यावर सोडवली. शपथ." मग तो एकदम थांबला. "तुमचा चेहरा असा का झालाय? आई एप्रनचं काय म्हणाल्या?"

मग मी सांगितलं. हळू आवाजात, नटाकडे बघत. पहिला गिअरबॉक्स. आईची अट. वर्षभर. खुंटी.

तो खालीच बसला. तेलाच्या डागांवर, स्वच्छ विजारीसकट. बाबांचा ब्रशही थांबला होता. ते ऐकत नसल्यासारखं दाखवत होते, पण पिवळी रेघ टाकीवरून घसरून पार चाकापर्यंत आली होती.

"म्हणजे मी... तुमचं टेबल घालवलं?"

"हं."

"तुम्हाला बघायला मिळावं म्हणून तुमचंच..." त्यानं चष्मा काढला. चष्म्याविना त्याचे डोळे अगदी उघडे दिसत होते, आत काहीही लपवायला जागा नसलेले. "मला गाडीचं काही नको होतं हो. मला आवडता तुम्ही. तो डावा डोळा मिटून बघता ते. परातीत पाना पाडता ते. चौथ्या गिअरमध्ये ओरडलात ते. हे असं सरळ येऊन सांगायचं सोडून, मी पकड घेऊन नट सोडवत बसलो. तोही भलत्या दिशेनं!"

माझ्या छातीत काकूंचं इंजिन सुरू झालं होतं. एका किकमध्ये.

पण टेबलही माझं होतं.

"हे आईला सांगाल?" मी विचारलं.

"कुठलं?"

"सगळं."

"नट मी सोडवला, ते सांगतो."

"खालचा नट कुठल्या दिशेला फिरवलात, तेही."

"तेही. हसतील त्या."

"हसू दे. आणि का सोडवलात, ते?"

त्यानं जिन्याकडे बघितलं. "तेही सांगायचं?"

"आई कान लावून ऐकते. अर्धं सांगितलंत तर ओळखेल. मधेच अडखळून परत यायचं नाही. वचन द्या."

"दिलं." त्यानं चष्मा घातला आणि माझ्याकडे नीट, स्वच्छ बघितलं. "आणि त्या 'पुन्हा पाय ठेवू नकोस' म्हणाल्या तर?"

मी पाना उचलला. खालच्या नटावर बसवला, योग्य दिशेनं जोर दिला. कुरकुरला आणि सुटला. "तर खाली या आणि मला सांगा," मी म्हटलं. आवाज इतका हळू आला, की मला वाटलं ऐकू गेला नसेल. म्हणून पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्यानं, "नाही म्हणाली तरी खाली या. हो म्हणाली तरी. आणि ह्यापुढे येताना काही बिघडवून आणायची गरज नाही."

तो हसला नाही. फक्त मान हलवली. उठला, विजार झटकली. बाबांनी रंगाचा डबा बाजूला सरकवून वाट करून दिली. जिन्याशी त्यानं बूट काढले, एकाशेजारी एक नीट ठेवले. वर बघितलं. आईची खिडकी बंद होती, पण तिच्यामागे कुणी तरी कान लावून उभं होतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मग कठड्याला हात लावून, पायांचा आवाज न करता, तो वर जायला लागला.